हिशोब जुळतो, हात थांबत नाही

टाचणी:

बरेच महिने या फोरमवर नुसती वाचून जाते. आज लिहितेय. लांबण लागेल.

वय 41. 17 वर्षं अकाउंट्समध्ये. दिवसभर दुसऱ्यांचे ताळे जुळवते. बारीकसा फरक आला तरी तो सापडेपर्यंत खुर्चीतून उठत नाही. नवीन लागलेली मुलं मला टरकून असतात. आणि माझ्या स्वतःच्या दोन क्रेडिट कार्डांवर मिळून माझ्या साडेचार महिन्यांच्या पगाराएवढी बाकी आहे. घरी कुणाला माहीत नाही.

दागिने नाहीत, फोन नाही, फिरणं नाही. सगळं कापडात गेलं. कपड्यांत नव्हे, कापडात.

शिवण मला बेताचंच येतं. सरळ टीप, चुण्या, फार तर चेन बसवणं. सहा वर्षांपूर्वी मशीन घेतलं आणि दोनेक महिन्यांत कळलं की मला शिवण्यापेक्षा कापड निवडण्यात जास्त मजा येते. मग ओव्हरलॉकचं, म्हणजे कापडाची कड उसवू नये म्हणून टीप घालणारं मशीन घेतलं. ते आल्यावर टेबल बुटकं वाटायला लागलं म्हणून टेबल, टेबलावर हाताची सावली पडते म्हणून दिवा. आजवर पूर्ण झालेल्या वस्तू: उशीचे दोन अभ्रे आणि एक पिशवी. भाचीचा फ्रॉक एक बाही लावायची राहिली म्हणून तसाच पडलाय. भाची आता माझ्या खांद्याला लागते.

कापडं दिवाणाच्या कप्प्यात, कपाटावरच्या दोन बॅगांत आणि ऑफिसातल्या माझ्या खणात. किती आहेत ते मोजलेलं नाही. मोजायचा धीर होत नाही.

हे घडतं कसं ते नीट सांगते, कारण 'गरज नसेल तर घेऊ नका' म्हणणारे येणारच आहेत. रात्री अकरानंतर. नवरा झोपलेला, फोनचा उजेड कमी केलेला. मी घ्यायला बसत नाही, बघायला बसते. एखाद्या कापडाचा फोटो दोन बोटांनी ताणत ताणत इतका मोठा करते की विणीतले उभे-आडवे धागे सुटे दिसायला लागतात. मग त्याचं काय शिवायचं ते डोक्यात तयार होतं, अगदी बटणांसकट. मग दोन मीटर की अडीच, यावर दहा मिनिटं जातात. (कधीही न शिवायच्या कपड्याला अर्धा मीटर कमी पडू नये म्हणून!) तोवर कानाच्या पाळ्या गरम झालेल्या असतात. ओटीपीचे सहा आकडे टाकते, हिरवी खूण येते आणि सगळं निवतं. पाचव्या मिनिटाला मी झोपलेली असते.

पार्सल ऑफिसच्या पत्त्यावर येतं. जेवणाच्या सुट्टीत सगळे उठले की कटरनं टेप कापायची, कापड पर्सच्या तळाशी सरकवायचं, खोका पायानं दाबून सपाट करायचा आणि खालच्या मजल्यावरच्या कचऱ्यात टाकायचा. आमच्या मजल्यावरच्या नाही. आत्ता लिहिलेलं परत वाचलं तर वाटलं, ही बाई चोरी करतेय. पैसे तर मीच भरलेत. म्हणजे भरणार आहे.

आणि कापड हातात आल्यावर? काही नाही. खळीचा वास येतो, अंगठ्यानं पोत बघते, संपलं. कधीकधी खोका उघडेपर्यंत आपण काय मागवलं होतं तेच आठवत नाही.

नवरा नेमका उलट. त्याची ऑफिसची बॅग 11 वर्षांची आहे, पट्टा दोनदा बदललाय. खिशात छोटी वही. दिवसाचा खर्च लिहिल्याशिवाय झोपत नाही. कंजूष नाही हं, कुणाला नड असली तर पहिला हा देतो. त्याला वस्तू नकोच असतात. मला त्याचा हेवा वाटतो आणि रागही येतो. ती वही दिसली की ऑडिटरसमोर बसल्यासारखं होतं.

दोनदा थांबले होते. एकदा कार्ड कात्रीनं कापलं, तर नंबर पाठ निघाला. एकदा ॲप काढून टाकलं. 50 दिवस गेले, एकावन्नाव्या रात्री परत घेतलं आणि एका बैठकीत सात तुकडे मागवले.

तर मला दोन गोष्टी विचारायच्यात. हा उधळेपणा की आजार? आणि नवऱ्याला आधी सांगू, की गुपचूप फेडून मग? दोन वर्षांत फिटेल असा तक्ता तयार आहे. तक्ते मला छान जमतात.

---

रोखठोक:

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. आजार-बिजार काही नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत, एवढीच गोष्ट आहे. लोकांच्या हातात कार्डं नव्हती तेव्हा हा आजार कुणाला होत नव्हता. पगार नवऱ्याच्या हातात द्या, खर्चाला रोख घ्या, विषय संपला.

---

फेडतोय:

रोखठोक, कार्डं नव्हती तेव्हा उधारी होती. एमिल क्रेपेलिन या जर्मन मानसोपचारतज्ज्ञानं 1915 मध्ये या ओढीची नोंद केली, तिला ओनिओमेनिया म्हटलं. 1924 मध्ये ऑयगेन ब्लॉयलर या स्विस मानसोपचारतज्ज्ञानं तिला चोरीच्या आणि आग लावण्याच्या अनावर ओढीशेजारी बसवलं. त्या काळात कोण ओटीपी टाकत होतं?

टाचणीताई, मी लेन्सवाला. म्हणजे कॅमेऱ्याच्या लेन्स. नऊ होत्या, फोटो काढायचो फोनवर. 'खोका उघडेपर्यंत आठवत नाही' इथे मी वाचायचा थांबलो आणि बाल्कनीत जाऊन आलो.

आजार आहे का, याला सरळ उत्तर नाही. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या 2013 च्या डीएसएम-5 या मनोविकारांच्या यादीत याला स्वतंत्र जागा दिलेली नाही, पुरेसा पुरावा नाही म्हणून. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या आजारांच्या यादीत मात्र आवेगावर ताबा न राहण्याच्या 'इतर' विकारांमध्ये याचा उल्लेख आहे. त्यामुळे दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगतील, गोंधळू नका. मानसोपचारतज्ज्ञाकडे जा किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जा, पण जा. मला डॉक्टरांनी आधी खरेदीबद्दल काही विचारलंच नाही. विचारलं, 'चार-पाच दिवस झोप कमी, पण उत्साह भलताच, बोलणं सुसाट, असं कधी होतं का?' कारण बायपोलर या मनःस्थितीच्या आजारातल्या उन्मादात पैसे उधळणं हे एक लक्षण असतं, आणि तसं असेल तर उपचाराची वाटच बदलते. मला तसं नव्हतं. मग सीबीटी सुरू झाली, म्हणजे विचार आणि सवयी बदलण्यावर काम करणारी, बोलून केलेली उपचारपद्धती. या ओढीसाठीच म्हणून ठरलेली अशी गोळी अजून नाही. सोबत डिप्रेशन असेल तर त्याची देतात.

आणि हे 'बायकांचं खूळ' नाही, तेही सांगून ठेवतो. अमेरिकेत 2,513 प्रौढांना फोन करून केलेली एक पाहणी 2006 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात 5.8 टक्के लोक या निकषात बसले आणि बायका-पुरुषांत जवळपास फरक नव्हता. पुरुष खरेदीला 'कलेक्शन' म्हणतात, एवढंच. मीही म्हणायचो.

आता कामाचं. तुम्ही अकाउंट्सवाल्या आहात, तर हे तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं जमेल. गेल्या दोन-तीन वर्षांच्या सगळ्या ऑर्डरी एका शीटमध्ये घ्या. रक्कम महत्त्वाची नाही. तारीख, वार, वेळ, आणि शेवटच्या रकान्यात त्या दिवशी काय झालं होतं ते. जेवढं आठवेल तेवढं. ईमेल चाळले की बरंच आठवतं. माझ्या बहुतेक लेन्स भावाचा फोन येऊन गेल्यावर घेतलेल्या निघाल्या. भाऊ वाईट नाही, सहज 'काय म्हणतोस, काय चाललंय' एवढंच विचारतो. चाललेलं काहीच नसायचं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: आधी सांगा. असले तक्ते माझे तीन होते. तिन्ही बरोबर होते. गुपचूप फेडणं म्हणजे खालच्या मजल्यावरच्या कचऱ्यात खोका टाकणंच. डेटर्स ॲनॉनिमस नावाचे कर्जात अडकलेल्यांचे गट आहेत, न्यूयॉर्कमध्ये 1976 पासून, दारू सोडणाऱ्यांच्या बारा पायऱ्यांच्या धर्तीवर. मी काही महिने त्यांच्या ऑनलाइन सभांना बसलो. सगळंच पटलं नाही. पण त्यांचा पहिला धडा असा, की आज नवीन उधारी नको, आणि आजचा खर्च लिहायचा. फक्त आजचा. 'आयुष्यभर काही घेणार नाही' म्हणणाऱ्याचा एकावन्नावा दिवस ठरलेला असतो.

---

निमूट:

थोडं बाजूचं, पण कुणाच्या तरी उपयोगी पडेल. माझे वडील आयुष्यभर काटकसरीत राहिले, खिळा सरळ करून पुन्हा वापरणारे. सत्तरीत पार्किन्सन झाला, गोळ्या सुरू झाल्या, आणि सात-आठ महिन्यांत घरात तीन ड्रिल मशीन, रेडिओ, एकाच मापाचे पान्हे. आम्हाला वाटलं म्हातारपणी हौस फिटवून घेतायत. आई तर खूश होती. मग एकदा त्यांनी कर्जासाठी चौकशी केल्याचं कळलं. न्यूरॉलॉजिस्टना सांगितलं तर ते म्हणाले, हे आधीच सांगायला हवं होतं. प्रॅमिपेक्सोलसारख्या, मेंदूतल्या डोपामाइन या रसायनाचं काम करणाऱ्या औषधांनी काही जणांना जुगाराची, खरेदीची अशी अनावर ओढ लागते, हा माहीत असलेला दुष्परिणाम आहे. औषध त्यांनी हळूहळू बदललं (अचानक बंद करायचं नसतं, आपल्या मनानं तर नाहीच) आणि ओढ गेली. वडील नंतर ते पान्हे हातात घेऊन बघायचे आणि विचारायचे, हे कुणी आणले?

ताई, कसली औषधं चालू असतील तर डॉक्टरांना यादी दाखवा. एवढंच.

---

चक्रवाढ:

मन-बिन बाकीचे बघतील, मी आकडे बघतो. ताई, तुम्ही दर महिन्याला 'किमान रक्कम' भरताय का? ते लिहिलं नाहीत म्हणून शंका येते.

ढोबळ धरा: बाकी 100, व्याज महिना 3 टक्के, किमान भरणा बाकीच्या 5 टक्के. 5 भरलेत, त्यातले 3 व्याजात गेले, मुद्दल कमी झालं 2. या वेगानं, एकही नवीन खरेदी न करता, 100 चे 50 व्हायला जवळपास तीन वर्षं लागतात, आणि तोवर तुम्ही 125 हून जास्त भरलेले असता. महिना 3 म्हणजे वर्षाला 36 असं लोक म्हणतात. चक्रवाढीनं ते 42 च्या वर जातं. अकाउंट्सवाल्यांना हे शिकवायला नको, पण स्वतःच्या कार्डाला हे गणित लावणारे अकाउंट्सवाले मी फार कमी पाहिलेत. दोन कार्डांत व्याज जास्त ते आधी फोडा. साधं, कमी व्याजाचं कर्ज मिळत असेल तर घेऊन कार्डं शून्य करा. पण कार्डं बंद होणार असतील तरच. नाहीतर दोन्हीकडे बाकी होते.

रोखठोकच्या रोख पैशात तथ्य आहे. एमआयटी या अमेरिकेतल्या विद्यापीठात बास्केटबॉलच्या तिकिटांवर एक लिलाव केला होता, प्रेलेक आणि सिमेस्टर यांचा 2001 चा लेख आहे. काहींना रोख द्यायची अट, काहींना कार्डानं. कार्डवाल्यांच्या बोली सरासरी जवळपास दुप्पट. त्याच तिकिटांना.

आणि कमाईच्या आत राहणं म्हणजे मन मारणं, असं इथे अर्ध्या लोकांना वाटतं, म्हणून हेही. पगारातले 10 टक्के वाचवणारा नऊ वर्षांत एक वर्षाचा खर्च जमवतो. 25 टक्के वाचवणारा तीन वर्षांत. निम्मा वाचवणारा एका वर्षात. व्याज धरलेलंच नाही. तुमचे यजमान वही लिहून बहुधा हे विकत घेतायत.

---

टाचणी:

चक्रवाढ, हो. किमान रक्कमच. चौदा महिने. तुम्ही विचारलंत तेव्हा मी ऑफिसात दुसऱ्या कुणाची तरी थकबाकी बघत होते.

रोखठोक, राग आलेला नाही. पण 41 व्या वर्षी नवऱ्याकडून खर्चाचे पैसे मोजून घ्यायचे हे जमणार नाही. जमलं तरी मी त्यातून कापड घेईन, मला मी माहीत आहे.

शीट करतेय. वेळ लागेल.

---

कवडीचुंबक:

सगळे टाचणीताईंच्या नवऱ्याचं कौतुक करतायत म्हणून दुसऱ्या टोकाकडून लिहितो. टोपणनाव मी घेतलेलं नाही, बायकोनं दिलंय.

मी पगाराच्या तिसऱ्या हिश्शात राहतो. गेली 12 वर्षं. कर्ज नाही, पुरेसं साठलंय, आणि गेल्या वर्षी माझ्या बुटाचा तळ उसवलेला असताना मी चार महिने त्यात पुठ्ठा कापून घालत होतो. पुठ्ठा नीट मापानं कापलेला, दोन थरांचा. पावसात भिजला की नवा. बायकोनं एकदा तो वाळत घातलेला पाहिला आणि काही न बोलता आत गेली. पैसे नव्हते? होते. दुकानात दोनदा गेलो, बूट पायात घातले, चालून बघितलं, आणि पैसे द्यायच्या वेळी पोटात असा गोळा आला की 'साइज होत नाही' सांगून बाहेर.

2008 च्या एका अभ्यासात (रिक, क्रायडर, लोवेनस्टाइन) 13 हजारांवर लोकांना विचारलं होतं. त्यात हात आखडणारे उधळ्यांपेक्षा जास्त निघाले. मला त्यातला एक फरक फार लागला. काटकसर करणाऱ्याला वाचवण्यात आनंद असतो, चिक्कूला खर्चात वेदना होते. बाहेरून दोघं सारखेच दिसतात. ताई, तुमचा नवरा पहिला वाटतो, मी दुसरा. त्याची बॅग जुनी आहे कारण त्याला ती पुरते. माझे बूट जुने होते कारण मी घाबरतो.

हे तुम्हाला का सांगतोय? कारण तुम्ही 'मी अशी, तो तसा' अशी दोन टोकं धरून बसला आहात आणि त्याच्यासारखं व्हायचा प्रयत्न कराल. माझ्यासारख्या होऊन बसाल. 50 दिवस ॲप काढून बसला होतात ना, ते माझं जगणं होतं.

बूट घेतले शेवटी. बायकोनं पैसे दिले, मी बाहेर उभा राहिलो.

---

टाचणी (19 दिवसांनी):

शीट झालं. तीन वर्षं, 118 ऑर्डरी. 81 रात्री अकरानंतरच्या, ते अपेक्षित होतं.

शेवटच्या रकान्यात मला वाटलं होतं, भांडण, सासरचं काही, बॉस, असं निघेल. पाच-सहा तसे आहेत. पण सगळ्यात मोठा गठ्ठा महिन्याच्या तीन-चार तारखांचा निघाला. म्हणजे महिनाअखेरीचं काम संपून ताळा जुळला, सगळं बिनचूक गेलं, त्या रात्री. सलग 36 महिन्यांत 29 वेळा. वाईट दिवसांत नाही, चांगल्या दिवसांत! मी तीनदा परत फिल्टर लावून बघितला. त्या दिवशी आमच्याकडे कुणी काही म्हणत नाही. चुकलं तर मेल येतो, जुळलं तर काहीच येत नाही. मी घरी येते, कणाकणानं थकलेली असते, आणि झोप लागत नाही.

सायकॉलॉजिस्टकडे दोनदा जाऊन आले. डोक्यात काय चाललंय यापेक्षा हातात काय असतं, यावरच आम्ही जास्त बोलतो. सध्या एवढंच: फोन रात्री दहाला बाहेरच्या खोलीत. घ्यावंसं वाटलं तर कागदावर लिहायचं, कुठलं कापड, किती मीटर, त्याचं काय शिवणार, आणि तीन दिवसांनी वाचायचं. पहिल्या कागदावर मी सगळं लिहिलं, बटणांचा रंगसुद्धा, आणि लिहून होईपर्यंत कानाच्या पाळ्या गार. फसल्यासारखं वाटलं. ते बटण-बिटण ठरवणं हीच मजा होती, पैसे म्हणजे शेवटी दाराशी द्यायचा टोल होता. दुसऱ्या कागदाला इतकं सोपं गेलं नाही. दीड वाजेपर्यंत जागी होते.

नवऱ्याला सांगितलं. तक्ता करून, छापून नेला होता. (हसू नका.) त्यानं तक्ता बघितला नाही. विचारलं, 'कुठे आहेत?' मी दिवाण उघडला. मग बॅगा खाली काढल्या. ऑफिसातली मी आदल्या दिवशीच घरी आणली होती.

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग जमिनीवर बसला आणि मोजायला लागला. मीही बसले. मी टेप धरायची, तो वहीत लिहायचा. त्या वहीत! खर्चाच्याच पानांवर, तारीख घालून. 107 तुकडे, 231 मीटर. मध्ये एकदा एक कापड उचलून म्हणाला, 'हे काय होणार होतं?' निळसर राखाडी, उभ्या बारीक रेघा. मला आठवेना. पुढचं उचललं, तेही आठवेना. मग त्यानं विचारायचं थांबवलं आणि मी रडायला लागले, आणि तो टेप गुंडाळत बसला. गुंडाळून झाल्यावर परत उलगडून परत गुंडाळला.

चिडला, पण दोन दिवसांनी, आणि पैशांवरून नाही. खालच्या मजल्यावरच्या कचऱ्यावरून. 'माझी इतकी भीती वाटते?' हे त्यानं चार वेळा विचारलं. चारही वेळा मी नाही म्हटलं. खरं उत्तर अजून माझ्याकडे नाही. आम्ही नीट बोलतोय असं म्हणणार नाही. बोलतोय.

कवडीचुंबक, तुमचं लिहिलेलं त्याला वाचायला दिलं. म्हणाला, 'पुठ्ठा दोन थरांचा? डोकं आहे माणसाला.'

कर्ज: घरातल्या बचतीतून मोठं कार्ड पूर्ण फेडलं. ते मला नको होतं, पण चक्रवाढचं 125 वालं गणित मी त्याला दाखवल्यावर पुढे बोलायला काही उरलं नाही. लहान कार्डाचं मी पगारातून फेडतेय, सात महिने लागतील.

आता एक साधा प्रश्न. या 231 मीटरचं काय करू? विकायला फोटो काढायचे, म्हणजे परत तेच फोटो, तीच ताणाताणी. मला त्या बाजूला जायचंच नाही. आणि ठेवायचं म्हटलं तर दिवाण उघडला की सगळं समोर.

---

रोखठोक:

नंबर पाठ असलेल्या कार्डाचं काय केलंत ते लिहिलं नाहीत.

---

टाचणी:

बंद केलं. ते मोठं तेच. नंबर अजून पाठ आहे, पण आता नुसता आकडा आहे.

---

सुईदोरा:

तुम्ही फोटो काढू नका, नवऱ्याला काढू दे. किंवा शिवण शिकवणाऱ्या कुठल्याही वर्गाला एकगठ्ठा द्या, शिकाऊ मुलींना कापायला कापड लागतंच, आणि चुकलं तरी कुणाचा जीव जळत नाही.

दहाबारा मीटर ठेवा. त्यातलं खळीचं असेल ते आधी धुऊन वाळवा, कारण खळ राहिली की कसर लागते. सुती कापड धुतल्यावर आटतं, ते बेतायच्या आधीच आटू दे. घडीच्या जागी फाटायला नको असेल तर घडी न घालता गुंडाळून ठेवा.

आणि फ्रॉकची ती बाही उसवून बघा. खांदा वाढवता येत नसला तरी उशीला चांगली झालर होईल.

---

टाचणी:

बाही लावलेलीच नाहीये हो, उसवू काय? पण झालर होईल. रविवारी मशीन उघडलं तर बॉबिनमध्ये दोन वर्षांचा दोरा अडकून बसला होता, सुई हलेना. तेल घालून ठेवलंय.